डूख धरणाऱ्या मावशी

मावशी डूख धरायच्या, आणि तेही उघडउघड. "माफ करणं माझ्या धंद्यात बसत नाही," असं त्या आईबापांना पहिल्याच दिवशी सांगायच्या. ज्यांनी ज्यांनी त्यांच्याकडच्या मुलांना मारलं, कोंडलं किंवा नाटकी म्हटलं, ती सगळी माणसं त्यांना नावागावासकट तोंडपाठ होती. मुलं मात्र त्यांना बिलगायची. जी बिलगत नसत, त्यांच्यापासून मावशी हातभर लांब बसायच्या आणि तिथूनच लाडाने बोलायच्या.

त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. जन्म कोलकात्यातल्या बागबाजारचा, पण मराठी घरातला; क्लिनिक तिथल्याच बेहाल्यात, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. मराठी अगदी आपल्यासारखं, फक्त चिडल्या की "ओ मा!" निघायचं. आम्ही नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून कोलकात्यात आलेलो, आणि माझी इरा तेव्हा सहा वर्षांची. कपड्याच्या आतलं लेबल तिला काट्यासारखं टोचायचं, केस विंचरताना ती किंचाळायची, मिक्सर लावला की पलंगाखाली शिरायची. घरीदारी एकच सल्ला: "नाटकं आहेत, दोन द्या ठेवून." मावशींनी तिला तासभर नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "हट्टी मुलाला काहीतरी हवं असतं. हिला फक्त सुटका हवी आहे. आपल्याला आवाज नुसता ऐकू येतो, हिच्या तो अंगावर येतो."

त्यांच्याकडे छताला एक कापडी झोळी टांगलेली होती. इरा तिच्यात गुरफटून हळूहळू झोके घ्यायची, मग जड उशा ढकलायची, राजम्याने भरलेल्या टबाकडे लांबूनच बघायची. मावशी विचारायच्या, "हात लावू का गं?" इरा नको म्हणाली की खरंच लावायच्या नाहीत. मला वाटायचं, ही कसली थेरपी! पण एका दुपारी पोरीने आपणहून कोपरापर्यंत हात राजम्यात खुपसले, आणि जाताना मावशींना म्हणाली, "खांदे दाबून दे, जोरात." मी तोंडात बोटच घातलं.

आणि नेमका तेव्हाच शाळेने घात केला. कार्यक्रमाच्या तालमीत ढाक, म्हणजे इथला मोठा ढोल, वाजायला लागला, इराने कान झाकले. तिच्या वर्गाच्या बाईंनी तिची दोन्ही मनगटं धरून हात खाली ओढले आणि ढाक थांबेपर्यंत सोडले नाहीत. पोरीने सगळ्यांसमोर कपड्यांत शू केली. वर मुख्याध्यापिकेने मलाच बोलावून सुनावलं, "अशी मुलं आम्हाला जमणार नाहीत, दाखला घेऊन जा." आधीच दोन शाळांनी नाही म्हटलं होतं. ही गेली की इरा घरी बसणार, हे सरळ दिसत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्या बाईची नोकरी घालवल्याशिवाय राहणार नाही मी," मी मावशींना म्हटलं.

"खुळी आहेस का? दुसऱ्या शाळेत जाऊन दुसरीचे हात धरेल ती. इथेच राहू दे. मी बघते."

मावशींनी शाळेला कळवलं, शिक्षकांसाठी एक शिबिर घेते. शाळेने आनंदाने बोलावलं. सामान उचलायला मीही गेले. चैत्रातली दुपार, अंगाची काहिली होत होती. "प्रयोगाला कोण येतं पुढे?" मावशींनी विचारलं, आणि त्याच बाई ऐटीत उठल्या. मावशींनी त्यांना खरखरीत लोकरीचा स्वेटर चढवला, डोक्यावर मंकी कॅप, बोटांना डिंक. शेजारी मिक्सर सुरू केला, तोंडावर बॅटरीची उघडझाप, आणि त्या गदारोळात म्हणाल्या, "मी सांगते ते लिहा." दोन ओळीही झाल्या नाहीत, बाईंचे हात कानांवर गेले. मावशींनी मनगटं धरून ते खाली आणले. "हात खाली. नाटकं नकोत."

बाई ढसाढसा रडल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मनातल्या मनात पेढे वाटले मी. मुख्याध्यापिका मान खाली घालून बसल्या होत्या. दाखल्याचा विषय तिथेच संपला. इराला आवाज अडवणारे हेडफोन वापरायची परवानगी मिळाली आणि दाराजवळची जागाही.

परतताना बसस्टॉपवर मी विचारलं, "मावशी, एवढा राग नक्की कुणावरचा?"

"आईवरचा," त्या म्हणाल्या. दर दिवाळीला आई त्यांना उटण्याने खसाखसा चोळायची आणि त्या किंचाळल्या की थोबाडीत द्यायची. तीच आई पुढे अंथरुणाला खिळली. "मग रोज मीच तिला आंघोळ घातली. दर वेळी विचारलं, आई, पाणी चालेल का? इथे हात लावू का? एक दिवस रडायलाच लागली. म्हणाली, मी तुला कधी विचारलं नाही गं. झाला माझा सूड!" मावशी खळखळून हसल्या. मला काही हसू आलं नाही.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. क्षमाबिमा मी कुणाला केलेली नाही, करणारही नाही. त्या बाई अजून शाळेत आहेत. शाळा सुटली की त्या मुलांना रस्ता ओलांडून देतात. इरापाशी आल्या की थांबतात, जरा वाकतात आणि हळू आवाजात विचारतात, "हात धरू का?" इरा त्यांच्याकडे सरळ बघून म्हणते, "नको." बाई हात मागे घेतात. त्या रोज विचारतात, इरा रोज नको म्हणते. मी फाटकाशी उभी राहून ऐकते, आणि खरं सांगते, दिवसभरात मला तेवढं गोड दुसरं काही ऐकू येत नाही.