फेल गेलेला बोअर

त्या काळात लोकांना शहाणपण शिकवायचा मला पगार मिळायचा. नव्वदचं दशक सरत आलं होतं. एका संस्थेच्या वतीने मी मोपेडवरून जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात फिरायचो, गॅरेजवाले, गुऱ्हाळवाले, दूधवाले गाठायचो आणि सांगायचो, ओढ्यात घाण सोडू नका, त्यातच तुमचे पैसे वाचतात. ओढ्याच्या प्रेमापोटी कोणी ऐकत नसे, पैशाचं नाव काढलं की खुर्ची पुढे येई. म्हणून मी एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं: "वाया गेलेलं वाया घालवू नका." महाळुंगे पडवळच्या एका गॅरेजवाल्याने ते ऐकून काळं ऑइल गटारात ओतायचं सोडलं आणि स्लॅबच्या फळ्यांना लावायला सेंट्रिंगवाल्याला विकलं. तेव्हापासून मला माझ्या वाक्याचा माज चढला.

राजुरीच्या पुढे, आणे घाटाच्या अलीकडे एक गाव आहे. तिथे एकाने पुण्याच्या हॉटेलांसाठी पनीर काढायचा कारखाना घातला होता. पनीर निघाल्यावर हिरवट, आंबूस पाणी उरतं, ती निवळी. ती आणि कॅन धुतलेलं सोड्याचं पाणी तो सरळ ओढ्यात सोडायचा. ओढ्याला असा वास की जाणारा-येणारा नाकाला रुमाल लावून जायचा. ओढ्याकाठी एका बाईची विहीर होती. नवऱ्याने टाकलेली ही बाई बापाच्या अर्ध्या एकरात राहून दोन मुली वाढवत होती, ती कुरडयांवर. लग्नसराईत पंचक्रोशीतले रुखवत तिच्या कुरडयांवाचून पुरे होत नसत. कुरडईचा गहू तीन दिवस भिजत घालतात आणि त्याचं पाणी रोज बदलतात. पाणी चांगलं नसेल तर चीक बिघडतो आणि कुरडई लालसर, कुबट निघते. तिचं सगळं घर त्या विहिरीच्या पाण्यावर उभं होतं. पहिल्याच भेटीत ती मला म्हणाली, "साहेब, येवढं पाणी वाचवा माझं. दुसरं काय मागत न्हाई."

मी छाती फुगवून हो म्हणालो.

मालक पन्नाशीचा, तोंडाने गोड. त्याला मी समजावलं की निवळी ताजी असतानाच म्हशींना पाज, पेंड कमी लागेल. कॅन शेवटी खळबळलेलं पाणी दुसऱ्या दिवशी पहिल्या धुण्याला वापर, म्हणजे मोटर कमी चालेल. उरलेलं थोडं थोडं गिन्नी गवताला दे. त्याने सगळं केलं. महिन्याभरात पेंडीची पोती कमी लागू लागली आणि तो मला देवमाणूस म्हणू लागला. होळीपर्यंत ओढ्याच्या तळाचे गोटे दिसायला लागले, बाया धुणं घेऊन परत काठावर आल्या. मी फोटो काढले, अहवाल लिहिला, वरून शाबासकी आली.

एक मेच्या ग्रामसभेत शाळेच्या पटांगणात मालकाचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा आणि माईक. मी बोलायला उभा राहिलो तेवढ्यात ती बाई गर्दीतून पुढे आली. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात ताटलीत तांबूस, वाकड्यातिकड्या कुरडया.

"साहेब, ओढा निवाळला खरा, पण हीर जास्तच नासली. पयल्यापेक्षा लई वास येतो. आवंदा तीन घरांच्या ऑर्डरी परत आल्या."

मी बाटली हातात घेतली. वासही घेतला नाही. वीतभर अंतरावर होती, झाकण उघडायचे कष्ट घेतले नाहीत. माझा ओढा स्वच्छ होता, माझे फोटो स्वच्छ होते, आणि ही बया माझ्या सत्कारात (होय, मनातून तो माझाच होता) नासकी कुरडई घेऊन आली होती. माईक तोंडाशी होताच.

"मावशी, ओढा स्वच्छ झाला. आता दोष द्यायला कारखाना उरला नाही. आता जरा हात आणि पातेली घासा."

पटांगण हसलं. मागून कोणीतरी ओरडलं, "नांदली न्हाई ती, तिला काय सैपाक येतुय राव!" आणखी मोठा हशा झाला. मी तो थांबवला नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. ती ताटली पदराखाली झाकून निघून गेली. तिच्या मुली शाळेच्या ओट्यावर इतर पोरींबरोबर बसल्या होत्या, त्याही उठल्या.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मी बेल्हे आणि आळेफाट्याकडचे तीन दूधवाले घेऊन त्या कारखान्यात गेलो. आदर्श काम दाखवायला. कारखाना दुपटीने वाढला होता, म्हशी मात्र तेवढ्याच. गवताचा तुकडाही तेवढाच. एवढ्याशा म्हशी सगळी निवळी पिणार नाहीत, हा हिशेब माझ्यासारख्या शहाण्याला एक मेच्या आधीच सुचायला हवा होता, आता कुठे सुचला. मी विचारलं, "बाकीची निवळी कुठे जाते?"

मालकाचा चेहरा फुलला. त्याने आम्हाला शेडमागे नेलं. काही वर्षांपूर्वी जमिनीतलं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून त्याने तिथे बोअर घेतला होता. दोनशे फूट नुसता धुरळा. गावाने त्याची खूप टिंगल केली होती. त्याने बोअरवरची शिळा सरकवली. आत एक पाइप सोडलेला होता आणि खालून ओळखीचा आंबूस वास वर येत होता.

"तुमचंच शिक्षण, साहेब. वाया गेलेलं वाया घालवायचं न्हाई. फेल गेलेला बोअर व्हता, आला का न्हाई कामाला? म्हशीस्नी जमंना तवा, सत्काराच्या आधीपासनंच चालू हाये."

बांधापलीकडेच त्या बाईचा अर्धा एकर होता, त्यातच तिची विहीर. माणूस लबाड नव्हता, म्हणूनच मला त्याच्यावर ओरडताही येईना. जमिनीखाली गेलेलं पाणी कुठे जातं, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. माझी सगळी व्याख्यानं ओढ्यापाशी संपत. पाहुण्यांपैकी एकजण वाकून आत बघत म्हणाला, "आमच्याकडं बी दोन फेल हायेत की." मी त्यांना आणि मालकाला तिथेच थांबवून जमिनीखालचं पाणी समजावलं. मालकाने लगेच पाइप काढला. पाहुण्यांनी मान डोलावली. ते घरी जाऊन आपल्या फेल बोअरांत काय सोडणार हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

मग मी विहिरीकडे गेलो. काठ उरला नव्हता. दगडमातीने बुजवलेल्या जागेवर शेवगा लावला होता. ती बाई मला कारखान्यातच सापडली, कॅन धुताना. कुरडयांच्या ऑर्डरी बंद झाल्यावर तिला दुसरं काम कोणी दिलं नव्हतं. मी तिला बोअरचं सगळं सांगितलं. तिने ऐकताना हातातला कॅन खाली ठेवला नाही.

"म्हंजी माझी पातेली सवच्छ व्हती."

"हो."

तिने हात पुढे केले. सोड्याने तळवे फुटले होते, भेगांतून रक्त आलं होतं. "तुमी सांगितलं तसं रोज घासती बगा." मग ती म्हणाली, "थोरलीला बघाया पावणं आलं व्हतं. ज्या घरची कुरडई नासती त्या घरची पोरगी नको म्हनले. माझ्या एकटीच्या कानात सांगून काय उपेग? मायकावर बोलला व्हता ना? मायकावर सांगा."

मी होकाराची मान हलवली. पंधरा ऑगस्टला ग्रामसभा होती, मालकाने बोलावणंही धाडलं होतं. मी अंगात ताप असल्याचा निरोप पाठवला. ताप नव्हता. पुढे काही वर्षांनी नोकरी सुटली, पण आणे घाटाकडे जायचं असलं की अजूनही मी त्या गावाचा रस्ता टाळतो. ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. त्या गावात मात्र अजून कोणाला सांगितलेली नाही.