घोडमुळ्याची चटणी

कुसाबाईच्या नाकाची भगूरमध्ये ख्याती होती म्हटलं तर हसाल तुम्ही. पण होती. शेजारणीची डाळ करपायच्या बेतात आली की ही आपल्या ओट्यावरून ओरडायची, "अगं ए, गॅस बारीक कर!" दूध संध्याकाळपर्यंत टिकेल की नासेल, हे ती सकाळीच पातेल्यावर वाकून सांगायची. आणि मीठ तर वाफेवरून. आमटीवरचं झाकण काढायचं, नाक पुढं करायचं, की झालं. "पडलंय," नाहीतर "चिमूटभर हवं." चाळीस वर्षांत तिचा हा हिशेब चुकल्याचं कोणाला आठवत नाही.

चाखून बघायचं मात्र नाव नाही. माहेरी सायखेड्याला आईनं आणि सासरी सासूनं एकच गोष्ट तिच्या डोक्यात भरवली होती: देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी, खाणाऱ्याच्या पुढ्यात ताट जायच्या आधी, रांधणारीनं तोंड लावलं की ते अन्न उष्टं. मग ते देवाला चालत नाही आणि माणसालाही देऊ नये. आता ही रीत कुठं राहिलीय म्हणा! तिची सून सृष्टी खुशाल चमचा चाटून तोच परत पातेल्यात घालते. कुसाबाई तेवढ्यापुरती मान दुसरीकडं वळवायची.

भगूरहून देवळाली कॅम्पात मेजर धोंगड्यांच्या बंगल्यावर ती बावीस वर्षं स्वयंपाकाला जात होती. सकाळी आठला जायची, दुपारी दोनला परत. तिथं फक्त चहा प्यायची, जेवण घरी, सुनेच्या हातचं. रंगनाथ धोंगडे तोफखान्यातून निवृत्त झालेले, उंच, जरा गरम डोक्याचे, पण ताटावर बसले की एकदम गरीब. त्यांना रविवारी भाजलेलं मटण लागायचं आणि त्याच्याबरोबर एक पांढरी चटणी. मेसमध्ये ती बाटलीतून यायची. घरी बाईसाहेब करायच्या, म्हणजे मेजरांच्या बायको, आणि त्यांनीच ती कुसाबाईला शिकवली.

"हॉर्सरॅडिश सॉस म्हणतात याला," बाईसाहेब म्हणाल्या होत्या. "हॉर्स म्हणजे घोडा, रॅडिश म्हणजे मुळा."

"म्हंजी घोडमुळा!" कुसाबाई म्हणाली, आणि त्या दिवसापासून बंगल्यात तिचं नाव घोडमुळ्याची चटणी पडलं. खरा घोडमुळा इकडं मिळतो कुठं? परसात शेवगा होता, त्याची मुळी चालवून घ्यायची. मेसच्या जुन्या खानसाम्याची युक्ती ती. बुंध्यापासून हातभर लांब उकरायचं, अंगठ्याएवढी जाड मुळी तोडायची आणि साल पूर्ण काढायची, कारण ती वाईट, पोटाला बाधते. आतला पांढरा गर बारीक किसणीवर किसायचा. किसला की लगेच व्हिनेगर घालायचं नाही! पाच मिनिटं झाकून नुसतं थांबायचं, तेवढ्यात त्याला झणका चढतो. मग दोन चमचे व्हिनेगर, की झणका आहे तिथं थांबला. शेवटी थंडगार घट्ट साय फेटून त्यात कालवायची, मीठ, मिरपूड, चिमूटभर मोहरीची पूड आणि साखरेचे चार दाणे. चमचाभरच खायची वस्तू. बाईसाहेब गेल्या तरी रविवारची चटणी चुकली नाही.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. कुसाबाई पंधरा दिवस तापानं फणफणली, बरी झाली, आणि उठून चूल बघते तो काय, कशाचाच वास नाही. फोडणी नाही, उदबत्ती नाही, रॉकेल नाही. येईल हळूहळू, म्हणाले सगळे. महिना झाला, वर्ष झालं. नाही आला तो नाहीच.

तिनं कोणाला सांगितलं नाही. मुलाला, दीपकला नाही, सुनेला नाही आणि साहेबांना तर नाहीच नाही. सांगायचं काय? वास न येणारी स्वयंपाकीण ठेवतं का कोणी? आणि दीपक तर टपूनच बसला होता. सातपूरच्या कंपनीतून पाळी संपवून आला की रोज म्हणायचा, आई, आता बास कर, घरात बस. घरात बसून करायचं काय, सुनेच्या चमच्याकडं बघायचं? बंगल्यातलं ते स्वयंपाकघर तिचं होतं. तिथं ती कुणाची सासू नव्हती, कुणाची विधवा आई नव्हती, तिथं ती कुसाबाई होती. ते सुटलं तर आपलं काही उरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ती अंदाजानं रांधू लागली. जुन्या हातावर भरवसा ठेवून. पण झाकण काढून वाकायची सवय कुठं जाते? वाफ लागायची, वास यायचा नाही, आणि वास नाही म्हणजे कमी पडलं असं वाटून हात चिमूटभर जास्त सुटायचा. चाखावं, असं एकदाही मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण नाक गेलं म्हणून का रीतही सोडायची?

घोडमुळ्याच्या चटणीनं मात्र तिला एकदा चांगलंच फसवलं. त्या आजारानंतर पहिल्यांदा मुळी किसायला बसली आणि झणका नाकातून थेट कपाळात गेला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "आलं गं बाई, नाक आलं!" म्हणत ती उठली आणि कांद्याच्या टोपलीत तोंड घातलं. काही नाही. नुसता झणकाच लागत होता, वास नव्हता. पण तेवढं तरी लागत होतं! त्या दिवसापासून तिला ते किसणं आवडू लागलं. रविवारची चटणी बुधवारीही होऊ लागली.

साहेबांची तक्रार? छे! त्यांना त्याआधीच कंपवातानं धरलं होतं. हात थरथरायचे, चमचा ताटावर वाजायचा, पण घास तोंडात गेला की ठरलेलं, "फर्स्ट क्लास, कुसाबाई!" या दोन शब्दांवर तिचा दिवस निघायचा. हात अजून शाबूत आहे आपला, नाक गेलं तर गेलं. साहेब जेवताना तांब्याभर पाणी प्यायचे तेवढं तिला खटकायचं. "साहेब, पाण्यानंच प्वाट भरतंय तुमचं," ती कुरकुरायची. डॉक्टर रक्तदाब तपासून दर वेळी म्हणायचे, मीठ कमी करा. साहेब म्हणायचे, करतो.

हे असंच चाललं असतं. पण जानेवारीत निकिता आली. साहेबांची एकुलती एक मुलगी, बंगळूरला असते, कोरोनानंतर फोनवरच भेटायची. न कळवता आली, सकाळी अकराला, रिक्षातून उतरली ती बॅग फाटकातच टाकून धावत सुटली.

"लाइट लावू नका! कोणी काही पेटवू नका!"

कुसाबाई ओट्याशी उभी होती. तिच्या पुढ्यात किसलेली मुळी झाकलेली, आणि ती पाच मिनिटं मोजत थांबली होती. ती झाली की बटाटे उकडायला ठेवणार होती. लायटर हातातच होता. निकितानं तो हिसकावला, सिलेंडर बंद केला, खिडक्या धडाधड उघडल्या आणि बापाला खुर्चीसकट ओढत व्हरांड्यात नेलं. झालं होतं एवढंच: कुसाबाई मुळी उकरायला परसात गेली तेव्हा दूध उतू गेलं, त्यानं आच विझली. परत येऊन तिनं ओटा पुसला, आच नाही म्हणजे बंद केलाय असं धरून चालली. बटण उघडंच होतं. पाऊण तास.

"कुसामावशी, फाटकापर्यंत वास येतोय! तुम्हाला आला नाही?"

"सर्दी झालीय गं जरा," कुसाबाई म्हणाली.

"आणि बाबा, तुम्हाला?"

मेजर व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून हात दाबून धरत होते. म्हणाले, "मला सहा वर्षं झाली, निकी. कशाचाच येत नाही. या दुखण्यात नाक आधी जातं म्हणतात."

कुसाबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं दाराची चौकट धरली. सहा वर्षं! म्हणजे तिचं नाक जायच्याही आधीपासून. तिच्या फोडण्या, तिचा गरम मसाला, ते तिळाचं वाटण, सगळं मातीत गेलं होतं.

"मग फर्स्ट क्लास कशापायी म्हणत व्हता?" ती ओरडलीच. मालकावर ओरडायची तिची ही पहिली वेळ.

"सवय हो," मेजर कसेनुसे हसले. "पलटणीतली."

तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि खरं ते सांगून टाकलं. सर्दी नाय गं पोरी. माझं बी गेलंय. पाच वर्सं झाली. कुनाला बोलले नाय. निकिता एकदा हिच्याकडं, एकदा बापाकडं बघत राहिली. रागवावं की रडावं ते तिला कळेना. त्या दिवशी तिनं बाहेरून जेवण मागवलं, ओट्यावरचं काहीच कोणी खाल्लं नाही. झाकलेली मुळी काळी पडून गेली.

दुसऱ्या दिवशी ती दोघांना नाशिकरोडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. बाकावर शेजारी शेजारी बसवलं. डॉक्टर म्हणाले, आता फारसं काही होईलसं वाटत नाही. जीभ चांगली आहे दोघांची, खारट, गोड, आंबट, कडू सगळं कळेल. वास मात्र विसरा. कुसाबाईनं अर्धं ऐकलं, अर्धं सोडलं. तिचं लक्ष निकिताच्या चेहऱ्याकडं होतं, आणि तिथं निकाल लिहिलेला दिसत होता.

आणि पोरगी बरोबर होती, हेच तर दुखणं! ती तुसडी असती, आगाऊ असती, तर कुसाबाईनं तिला चार शब्द सुनावले असते. पण तिनं रात्रभर रडून डोळे सुजवले होते. सकाळी ती कुसाबाईचा हात धरून म्हणाली, "मावशी, मी रोज फोनवर विचारायचे, सगळं ठीक आहे ना? तुम्ही दोघंही म्हणायचात, ठीक आहे. आता मी कोणाच्या भरवशावर ठेवू यांना?"

कुसाबाई म्हणाली, "घिऊन जा बाई सायबास्नी बंगळूरला. तुझं बरूबर हाय."

आठ दिवसांत आवराआवर झाली. निघायच्या सकाळी कुसाबाईनं घोडमुळ्याच्या चटणीची बरणी भरून दिली. गॅस तर काढून टाकला होता, पण या चटणीला आच लागतच नाही. मेजरांनी बरणी मांडीवर धरली, गाडीत बसले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, ओठ हलले, पण दुखण्यानं हल्ली शब्द उशिरा यायचे, आणि ड्रायव्हरला घाई होती. बंगल्याची किल्ली निकितानं कुसाबाईकडंच ठेवली, आठवड्याला झाडलोट करायला.

फोन यायचे. बाबा बरे आहेत. बाबा जेवत नाहीत फारसे. एकदा निकितानं दुकानातून खऱ्या घोडमुळ्याची विलायती बाटली आणली, मेजरांनी चमचा बाजूला ठेवला. "बाबा म्हणतात, कुसाबाईची नाही ही." ते ऐकून कुसाबाई दिवसभर खुशीत होती. लाज वाटावी इतकी खुशीत.

चैत्रात फोन आला तो मेजर गेल्याचा. झोपेत गेले. निकितानं सगळं तिकडंच उरकलं. कुसाबाई भगूरला ओट्यावर बसून राहिली. सृष्टीनं चहा आणून दिला, तो गार झाला.

तेराव्याला ती किल्ली घेऊन बंगल्यावर गेली. माणसाला जे आवडायचं ते त्या दिवशी पानावर वाढतात, ते तिला माहीत होतं. मटण काही ती तेराव्याला वाढणार नव्हती. तिनं परसात मुळी उकरली, साल काढली, किसली, पाच मिनिटं थांबली. डोळ्यांना धार लागली, ती तिनं पुसली नाही. डेअरीतून आणलेली साय फेटली, वाकून नाक लावलं, सवयीनं, आणि सवयीनंच मिठाची चिमूट सुटली. आणखी एक सुटली. साहेबांच्या खुर्चीपुढं केळीचं पान मांडलं, डाव्या हाताला चटणी वाढली, शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला, पाणी फिरवून हात जोडले. त्यांचं जेवण होईतो बाजूला बसली.

मग पान उचलायला गेली. वाढलेलं टाकायचं कसं? आता ते उष्टं व्हायचा प्रश्न नव्हता. ज्याच्यासाठी राखायचं तो जेवून गेला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं आपल्या हातची घोडमुळ्याची चटणी बोटावर घेतली आणि जिभेला लावली.

आधी झणका आला. मग तो ओसरला आणि खाली नुसतं मीठ राहिलं. खारट, तोंडात धरवेना इतकं खारट. तिनं पुन्हा बोट बुडवलं, चुकून खडा लागला असेल म्हणून. नाही. सगळीच तशी होती.

म्हणजे आमटीही तशीच असणार. भाजी, मटणाचा रस्सा, सगळंच, पाच वर्षं, रोज. साहेबांचं नाक गेलं होतं. जीभ तर शाबूत होती, डॉक्टरच म्हणाले होते! तो थरथरता चमचा, तो तांब्याभर पाण्याचा घटाघटा आवाज, आणि दर घासाला ते दोन शब्द.

"अवो सायेब," ती त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "सांगायचं तरी एकदा. हात आखडला असता की मी."

तिनं पानापुढचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. अर्धा रिकामा केला, तरी तोंडातलं मीठ जाईना.