मनगटाची दोरी

डहाणूच्या बंदरावर नारूचं नाव काढा, लोक आधी त्याच्या मारामाऱ्या सांगतील आणि मग त्याचं फिरणं. बर्फाच्या गाडीवरून भांडण झालं तेव्हा त्याने एकाचा ओठ फाडला होता. उदयपूरला एकच बर्थ दोघांना विकणाऱ्या एजंटला त्याच्याच टेबलावर आडवा केला होता. मी त्याचा शाळेपासूनचा मित्र, सरावलीचा चिकूवाला. माझ्यादेखत त्याने बरीच माणसं बडवली आणि त्यातली निम्मी तरी मार खाण्याच्याच लायकीची होती, असं माझं मत आहे.

पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की बाकीचे खलाशी जाळी शिवतात, पत्ते कुटतात. नारू पाठीला सॅक लावून तलासरीला हायवेवर उभा राहतो आणि मिळेल त्या स्लीपर बसमध्ये चढतो. रात्र बसमध्ये, दिवस नव्या शहरात, संध्याकाळी पुढची बस. इंदूर, भुज, जोधपूर असं त्याचं चालतं. देवळं नाहीत, किल्ले नाहीत. काय बघतोस म्हटलं तर म्हणतो, "सकाळी गाव उठताना बघतो. दुसरं काय बघायचं असतं?"

बसमध्ये तो झोपतो मात्र होडीतल्यासारखा. जाळं पाण्यात सोडलं की त्याची एक बारीक दोरी मनगटाला बांधून तो डोळा लावतो. जाळ्याला ओढ बसली की मनगट ओढलं जातं आणि जाग येते. बसमध्ये तीच दोरी सॅकच्या पट्ट्याला. गाठही तीच, होडीवरची. कितीही ताणा, घट्टच होते, पण मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. जाळ्याबरोबर माणूस पाण्यात जाऊ लागला तर तेवढाच वेळ असतो हातात.

त्याची बायको हंसा मासळीबाजारात बसते. तिचा आवाज ऐकून गिऱ्हाईक भाव करायचं सोडतं. गेल्या वर्षी निघताना तिने माझ्यासमोर बजावलं, "या वेळेला फुटून आलास ना, तर ती सॅक चुलीत घालीन. मग बस घरात." मला सोबत पाठवलं ते राखणदार म्हणून. माझी निवड करण्यात तिची चूक झाली, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

आठवडाभर काही झालं नाही. परतीच्या बसने उजाडताना तलासरीच्या अलीकडे एका हॉटेलावर चहाला थांबा घेतला. लोक उतरले, मीही उतरलो. नारू खालच्या बर्थवर घोरत होता. मी मुतारीच्या रांगेत असताना बसमधून आरडाओरडा ऐकू आला.

रिकामी बस बघून एक माणूस आत शिरला होता आणि नारूची सॅक उचलून पळाला होता. दोरीला ओढ बसली, नारू बर्थवरून खाली आपटला, उठला आणि बसच्या पायरीवर त्याने त्या माणसाची मान धरली. दोघेही डांबरावर कोसळले. नारूने त्याला तोंडावर तीन-चार ठोसे दिले. माणसाचे दोन दात पडले, रक्त गळ्यापर्यंत आलं. मग नारूने सॅक सोडवून घेतली आणि दोरीचं ते टोक चोराच्या मनगटाला बांधलं. दुसरं टोक त्याच्या स्वतःच्या मनगटाला होतंच.

"आता पोलीस येईपर्यंत बस इथं," नारू म्हणाला. चोर पस्तिशीचा, हडकुळा होता. तो बसला.

पण तोवर माणसं जमली. आमच्या बसचे प्रवासी, दुसऱ्या दोन बसचे, ट्रकवाले. कुणाचा मागच्या महिन्यात लॅपटॉप गेला होता, कुणाच्या बहिणीची पर्स. तो सगळा राग या एका माणसावर निघाला. पहिली लाथ बरगडीत बसली तेव्हा तो ओरडला. चौथीला ओरडणं थांबलं आणि घशातून नुसता घरघर आवाज येऊ लागला. एकाने क्लीनरकडून चाक खोलायची लोखंडी टॉमी आणली. मला राग येतो तो याचा, की तो माणूस चष्मा लावून, हातातला चहा नीट बाजूला ठेवून आला होता.

"रस्सी खोल," तो नारूला म्हणाला. "इसको पीछे ले जाते हैं."

हॉटेलच्या मागे कुणी बघायला नव्हतं. तिथे नेला तर माणूस परत येणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. नारूलाही.

"सुटत नाय," नारू म्हणाला.

"क्या नहीं छूटता?"

"गाठ. ओली झालीय. सुटत नाय."

त्यांनी ओढून पाहिलं. ओढली तशी गाठ दोघांच्या मनगटात रुतत गेली. कुणी सुरी आणायला धावलं, तसा नारू चोराच्या अंगावर पालथा पडला आणि दोरी पोटाखाली घेतली. मग त्याच्यावरही लाथा पडल्या. मी मध्ये घुसलो, "अरे, सॅक त्याची आहे, त्याची!" असं ओरडलो. कोपर लागून माझं नाक फुटलं. टॉमी चोराच्या डोक्यासाठी उचलली होती, ती नारूच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. नारूने हात उगारला नाही. ज्याने आयुष्यात एक शिवी उधार ठेवली नाही, तो माणूस मार खात पडून राहिला.

पोलिसांची गाडी आली तशी गर्दी चहाकडे वळली. हवालदाराने दोरी बघून सुरी मागितली.

"थांबा साहेब," नारू म्हणाला. हात उचलत नव्हता, म्हणून त्याने मान वाकवली, मोकळं टोक दातात धरून ओढलं. चोराच्या मनगटावरची गाठ सुटली. चष्मेवाला बघत होता.

चोर श्वास घेत होता. त्याला स्ट्रेचरवर घालून नेलं.

दवाखान्यात मी नारूवर चिडलो. "आधी तूच त्याचे दात पाडलेस."

"पाडले ना," तो म्हणाला. "माझी सॅक होती. माझं मारून झालं होतं."

दुपारी हंसा आली. प्लास्टर बघितलं, माझं नाक बघितलं, आणि खाटेखालची सॅक ओढून बाहेर काढली. नारू डोळे मिटून पडला. आता चूल, असं मी धरून चाललो.

"काय झालं ते तू सांग," ती मला म्हणाली. "त्याचं खोटं नको."

मी सांगितलं. गाठ सुटत नव्हती, इथपर्यंत आल्यावर तिने मला थांबवलं.

"होडीवरचीच गाठ होती?"

"हो."

"मग कापली कुणी?"

"कुणी नाही. पोलीस आल्यावर त्यानेच सोडली, दाताने."

ती कोळ्याची मुलगी. तिला याहून जास्त सांगावं लागलं नाही. मोसम सुरू व्हायला थोडेच दिवस होते आणि त्या खांद्याने जाळं ओढता येणार नव्हतं, हेही तिला कळलं होतं. ती स्टुलावरची रक्ताने कडक झालेली दोरी घेऊन नळावर गेली, दोन्ही हातांनी चोळून धुतली, पिळली आणि खिडकीच्या गजाला वाळत घातली.

संध्याकाळी निघताना तिने ती नीट गुंडाळून सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली.