वन्संचे हात

पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा मी ठाण्याला सासरी होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माझी आई मी नऊ वर्षांची असतानाच गेली होती आणि वडिलांच्या घरी बाईमाणूस असं कुणी उरलं नव्हतं. सातवा लागला आणि माझी कंबर धरली. बसले की उठवत नसे, उठले की माकडहाडापासून मांडीपर्यंत कळ जाई. मी कुणाला काही बोलले नाही. विहिरीवरून घागर आणताना मध्येच भिंतीला टेकून उभं राहिलेलं मला सासूबाईंनी पाहिलं, तेव्हा त्यांनी खाडीकडच्या वस्तीतून एका म्हातारीला बोलावणं धाडलं.

ती आगरीण होती. तरुणपणी मिठागरावर राबलेली आणि पुढे सुईणपण करू लागलेली. आमच्या आळीतली बहुतेक मुलं तिच्याच हातावर आली होती. मागल्या पडवीत तिनं मला घोंगडीवर कुशीवर निजवलं, दोन गुडघ्यांच्या मध्ये दुसरी घोंगडी घडी करून ठेवली आणि म्हणाली, "बाय, कुठं दुखतं त्यो बोलू नको. माजा हात सांगल मना."

तळहाताची मनगटाकडची टाच तिनं माझ्या कंबरेच्या खाली, हाडावर ठेवली आणि नुसती ठेवूनच दिली. जरा वेळानं हळूहळू भार द्यायला लागली. आई गेल्यानंतर इतका वेळ माझ्या अंगावर कुणाचा हात राहिला नव्हता. मला रडू आलं. ती म्हणाली, "रड. आंग सैल होतं."

मग ती एक दिवसाआड येत राहिली. अंथरुणातून उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, मग हातावर भार द्यायचा. पोटाच्या खालून जुन्या लुगड्याची पट्टी कंबरेभोवती आवळून बांधायची. मुलगा झाल्यावर तिनं माझं पोट बांधलं, तिळाच्या तेलात ओवा कढवून पाय चोळले, आणि कानाशी येऊन आतून आवळायला शिकवलं. ते कसं, ते मी इथे लिहीत नाही. पण खोकला आला की कपडे भिजायचे, ते महिन्याभरात थांबलं. सव्वा महिन्यानं माझं न्हाणं होऊन विटाळ फिटला, आणि त्या दिवसापासून ती पुन्हा परसदारी उभी राहून सासूबाईंशी बोलू लागली. मी आतून पाहायची. तिला हाताला धरून आत आणावं असं फार वाटायचं. मी आणलं नाही.

तीन वर्षांनी यांची बदली कल्याणच्या कचेरीत झाली. सासूबाई ठाण्यालाच राहिल्या आणि घर सांभाळायला आमच्याबरोबर वन्सं आल्या. वन्सं यांच्याहून दोन वर्षांनी मोठ्या. सतराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेलं, केशवपन झालेलं, अंगावर तांबडं आलवण. कामाला वाघीण, पण हळदीकुंकवाच्या दिवशी आपण होऊन मागच्या खोलीत जाऊन बसत. मला किंवा मुलाला हात लावायची वेळ आली तर आधी एकदा इकडेतिकडे बघत.

दुसऱ्या खेपेला माझी कंबर पाचव्यातच गेली. कल्याणची सुईण आली, तिनं जोर लावून पाठ रगडली, आणि दुसऱ्या दिवशी मला डावा पाय टेकवेना. रांगत न्हाणीत जायची पाळी आली. तेव्हा ठाण्याच्या त्या हाताची मला अशी काही आठवण यायची की डोळे मिटले की तो कंबरेवर आहे असं वाटे, आणि कूस वळले की नसे. एकदा यांच्यासमोर बोलून गेले. रविवारी सकाळी हे आगगाडीनं ठाण्याला गेले आणि दुपारी स्टेशनावरून छकड्यातून म्हातारीला घेऊन आले.

ती फार थकली होती. माझ्यामागे बसून तिनं हात ठेवला. जागा तीच, बरोबर. पण हातात भार नव्हता. बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले होते. तिनं दोनदा प्रयत्न केला आणि हात मांडीवर काढून घेतले.

"हात ऐकत नाय आता," ती म्हणाली. मग दाराकडे पाहून, "तू ये."

दारात वन्सं उभ्या होत्या, हात पदराखाली.

"मी नको," वन्सं म्हणाल्या. "ती पोटुशी आहे. माझा हात नको लागायला."

"का नको?"

"मी अशी."

म्हातारीनं आपल्या कपाळाला बोट लावलं. "मना तरी कुंकू कुठं हाय? तीस वर्सं जाली. एवढी पोरं कुणी काडली मग?"

वन्सं माझ्याकडे बघू लागल्या. मी म्हटलं, "वन्सं, याच. मला फार दुखतंय."

त्या खाली बसल्या, पण म्हातारीनं त्यांना लगेच माझ्या अंगाला हात लावू दिला नाही. चोळीची गाठ सोडून ती स्वतः पालथी झाली आणि म्हणाली, "आदी माज्या पाठीवर शिक. चुकली तर मी सांगन." मी कुशीवर पडल्या पडल्या पाहत होते. वन्संनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "खाली. आनखी खाली. दाबू नको, टेक. आता आंगाचा भार दे, मनगटाचा नको." चार दिवस ती राहिली आणि चारही दिवस तिनं आपली पाठ दिली. तिसऱ्या दिवशी वन्संनी माझ्या कंबरेवर हात ठेवला. तो गार होता. मग ऊबदार झाला. मी डोळे मिटले.

आठव्या दिवशी पाय टेकला. नवव्या महिन्यात मुलगी झाली. पोट वन्संनीच बांधलं, शेक-शेगडीही त्यांनीच केली. बारशाला सासूबाई आल्या, त्यांनी सगळं पाहिलं. जाताना वन्संना न सांगता आपल्याजवळची एरंडेलाची बाटली कोनाड्यात ठेवून गेल्या.

पुढे परसदारातून बायका येऊ लागल्या. कुणाची पाठ धरलेली, कुणाच्या पायात गोळे, कुणी बाळंत होऊन वर्ष झालं तरी वाकता न येणारी. पहिली आली ती पदरानं तोंड झाकून आली. नंतर कुणी झाकलं नाही. वन्सं हसायला लागल्या, ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. एका सवाष्णीनं आपल्या मुलीला पुढे करून म्हटलं, "आधी तुमचाच हात लावा." त्या दिवशी वन्सं जेवायला फार उशिरा बसल्या आणि पानावर नुसत्याच बोटं फिरवत राहिल्या.

म्हातारी गेल्याचं आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. वन्सं त्यानंतर अकरा वर्षं होत्या. एका पावसाळ्यात तापानं आजारी पडल्या, आणि आठवड्यात आटोपलं. शेवटच्या दिवसांत त्यांचे पाय दुखायचे. मी चेपायला बसले की म्हणायच्या, "राहू दे गं, तू दमशील." मला तेव्हा वाटे त्या माझी काळजी करतात. आता वाटतं, मला चेपता येत नव्हतं.

दुसऱ्या खेपेची माझी मुलगी यंदा माहेरी आली आहे. सहावा आहे, आणि माझ्यासारखीच कंबर धरली आहे. मी तिला कुशीवर निजवते, गुडघ्यांत घोंगडी देते, हाडावर तळहाताची टाच ठेवते. जागा मला ठाऊक आहे. पण वन्सं शिकत होत्या ते मी नुसतं पाहिलं, आणि माझ्या पाठीवर हात आला की डोळे मिटले. भार कधी द्यायचा, कधी काढायचा, हे त्या दोघींनाच माहीत होतं. दहा-अकरा वर्षं वन्संसमोर बायकांच्या रांगा लागत होत्या आणि मी माजघरात भाजी चिरत बसले होते. एकदा जवळ जाऊन बसावं, मलाही शिकवा म्हणावं, हे सुचलंच नाही. हात घरातच आहेत, ते कुठे जातात, असं वाटायचं.

काल मुलगी म्हणाली, "आई, बरं वाटतंय, पुरे आता." तिचा आवाज मला ओळखता येतो. बरं वाटत नव्हतं. मी हात काढला नाही, तसाच ठेवून बसले.