दुसऱ्यांच्या मेणबत्त्या: वेंगुर्ल्याहून जुन्या गोव्याला पायी

खरं सांगू? मी जळूनच निघालो. आमगावचा माझा दोस्त जोसफ आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नवस बोलला: वेंगुर्ल्याहून जुन्या गोव्याच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, अनवाणी जायचं. भटका मी, आणि एवढी लांब वाट त्याला!

"मी बी येतो."

"कायले? तुले कोणता नवस आहे?"

"असाच."

गोंदियाहून रेल्वेनं मुंबई, तिथून सावंतवाडी, पुढे एसटी. नोव्हेंबरअखेरची गर्दी असते, रिझर्वेशन आधीच करा. चालताना खर्च नावाला. दारोदार पेज मिळते, झोपायला चर्चचा ओटा. फक्त पहाटे निघा, दुपारी डांबर भाजतं.

शिरोड्याला मी मिठागरं बघत आत भरकटलो. परत आलो तर जोसफभोवती बायकांचा घोळका. इथली रीतच आहे, ज्यांना चालवत नाही ते चालणाऱ्याच्या हाती मेणबत्ती देतात आणि कोणासाठी लावायची ते सांगतात. त्याची पिशवी फुगत गेली. मला कोणी विचारेना. चाललो तर मीही तेवढंच होतो ना!

तेरेखोलच्या फेरीबोटीपाशी एका म्हातारीपुढे मीच हात केला.

"तू कोणासाठी चालतंस?"

"कोणासाठी नाही, आजी. असाच."

तिनं मेणबत्ती मागे घेतली. "मगे रवांदे. ज्याका आपला कोण नाय, तो माझा काय सांगतलो?" आणि ती जोसफला दिली.

खाडी ओलांडताना मी बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो.

म्हापशाच्या पुढे त्याचा पाय सुजला. गाडीत बसला तर नवस मोडणार.

"पिशवी ने. आजच लावा लागते," तो म्हणाला आणि कोणासाठी लावायची ती सगळी नावं माझ्याकडून पाठ करून घेतली. "मायची मेणबत्ती माह्यापाशी राहू दे. मी येतो हळूहळू."

मी जवळजवळ पळतच जुन्या गोव्याच्या चर्चला पोचलो. एकेक लावत नावं सांगितली: गुडघेदुखीवाली आत्या, दुबईचा जावई, तेरेखोलच्या म्हातारीचा नातू. छाती फुगली होती. अंधार पडताना जोसफ लंगडत आला, आणि चालत आलेल्यांचा सगळा जथा त्याच्याकडे धावला. पाणी त्याला, टाळ्या त्याला.

घरी आलो. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, जोसफच्या मायला चांगलं दिसायला लागलं. जेवायला बसलो तर माझी आई म्हणाली, "ते बाई गल्लीभर सांगून राहिली, पोरानं माह्यासाठी पाय फोडले म्हणून. तू कोणाकोणाच्या लावल्या?"

मी सगळी नावं सांगितली. एकही चुकलं नाही.

"अन माही?"

मी भातासाठी ताट पुढे केलं. तिनं भात वाढला, वरण नाही वाढलं.