मोहिमेचा आचारी

आमच्या रियासतीच्या सरकारी गणतीतलं फसली १३४५ साल, बहमन महिना. इंग्रजी छत्तीस उजाडायला थोडेच दिवस होते आणि मला सतरावं सरून दोन महिने झाले होते. आमच्या घरात लग्नकार्यात पंगत उठली की एक गोष्ट हसून सांगतात, की काकांना गोऱ्या लोकांनी बर्फाच्या पहाडावर बोलावलं होतं आणि काका रुसून घरी बसले. मी रुसलो नव्हतो. रुसतात ते जावई. काय झालं ते मी आज स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. माझ्या लिहिण्यातल्या चुका ज्यांना काढायच्या असतील त्यांनी खुशाल काढाव्यात.

गौलीगुड्यातलं आमचं घर म्हणजे कलमवाल्यांचं घर. आजोबा सरकारी कचेरीत, वडीलही तिथंच, थोरला भाऊ वकिलीच्या परीक्षेला बसलेला. मी उर्दूत दोनदा नापास होऊन मिडलच्या परीक्षेअलीकडेच शाळा सोडली. पाहुणे आले की वडील माझ्यादेखत म्हणायचे, "हा धाकटा. हा घरीच असतो." घरी कुठं असायचो? गावाबाहेरच्या खडकांवर असायचो. जिथं बकरी चढेना तिथं मी अनवाणी चढायचो.

त्या साली शहरात खबर आली, तीन-चार मुलखांतली जवान पोरं मिळून उत्तरेच्या बर्फाच्या पहाडावर मोहीम जाणार, आणि आपल्या रियासतीतूनही चार पोरं घेणार. निवड व्हायची होती कुकटपल्लीच्या पलीकडे खडकांत, तीन दिवसांच्या छावणीत. एका शाळेचे कवायत मास्तर दहा पोरांची तयारी करून घेत होते. मी त्यांच्या शाळेत नव्हतो, तरी त्यांनी मला घेतलं. मला एका उभ्या खडकावर चढताना त्यांनी पाहिलं होतं. म्हणाले, "ह्याला घ्यायलाच पाहिजे." हे वाक्य मी वडिलांना तीनदा ऐकवलं. चारांतला एक झालो तर "घरीच असतो" हे पुन्हा ऐकावं लागणार नव्हतं. मला दुसरं काही नको होतं.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून तयारी शुक्रवारी. पहिल्याच शुक्रवारी घोटाळा झाला. दहा पोरं, दहा घरची. कायस्थ होते, मराठे होते, तेलुगू होते, सिकंदराबादचा एक मुदलियार होता, दोघं मुसलमान. ह्याच्या हातचं त्याला चालेना, त्याच्या हातचं ह्याला चालेना. दुपारपर्यंत सहा चुली धुमसत होत्या आणि दोराला कुणी हात लावला नव्हता. मास्तर लाल झाले. सगळ्यांकडे बघत बघत माझ्यापाशी थांबले.

"तू बामणाचा ना रे? तुझ्या हातचं सगळ्यांना चालतं. तू रांध."

मला वाटलं, आजच्या दिवसापुरतं. चार महिने रांधलं! सुरुवातीला मला भातात पाणी किती घालायचं तेसुद्धा कळत नव्हतं. आईला विचारून विचारून शिकलो. आईला हसू यायचं. "तुझ्या बहिणीला जे शिकवलं ते तुला शिकवतेय रे बाबा," म्हणायची. पोरं दोर बांधून खडक चढायला शिकत होती, होकायंत्र बघायला शिकत होती, जखमी माणूस पाठीवर घेऊन कसा उतरवायचा ते शिकत होती, आणि मी खाली तीन दगडांपाशी धुरात डोळे चोळत बसलेला. वरून आवाज यायचा, "महाराज, आज क्या पकारें?" महाराज म्हणजे भटजी आचारी. कुणी म्हणायचं, "महाराज, नमक जरा देख के!" मी म्हणायचो, "तू पहले रस्सी देख, नीचे गिरा तो नमक कौन चाटता?" हसण्यावारी न्यायचो.

मास्तरांना मी दर शुक्रवारी विचारायचो. ते म्हणायचे, "आधी जेवण होऊ दे, मग तुझा दोर." जेवण व्हायचं, भांडी व्हायची, तोवर सूर्य खडकाआड जायचा. मुसलमान पोरांतला एक, एका जहागीरदाराच्या कारभाऱ्याचा मुलगा, माझा दोस्त. परत येताना तो सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालायचा आणि त्या दिवशीच्या गाठी मला शिकवायचा. घरी आलो की विहिरीच्या दोरावर मी त्या पक्क्या करायचो. एकही गाठ मला येत नव्हती असं नाही, हे लिहून ठेवतो.

छावणीच्या आठ दिवस आधी मास्तरांनी अर्जाचे कागद आणले. इंग्रजीत. प्रत्येकाचा कागद त्यांनीच भरला होता. "इथं दस्तखत कर," म्हणाले. मी केली. वर काय लिहिलंय ते विचारलं नाही. नऊ पोरं वाचून सही करत होती, त्यांच्यादेखत मला इंग्रजी वाचता येत नाही हे कबूल करायचं नव्हतं. ही चूक माझी. बाकीची माझी नाही.

छावणीत निवड करायला एक लष्करातून निवृत्त झालेला गोरा साहेब होता, सिकंदराबादला राहणारा, आणि त्याच्या हाताखाली हिंदी बोलणारा एक कारकून. पहिल्या दिवशी दोराची परीक्षा झाली. नावं पुकारली, माझं नाव नाही. वाटलं, उद्या असेल. दुसऱ्या दिवशी पाठीवर ओझं घेऊन चालायची परीक्षा झाली, त्यातही नाही. मी मास्तरांकडे बघतोय तर ते डाळीकडे बघतायत. "जरा पातळ कर, साहेबही जेवणारेत."

तिसऱ्या दिवशी दुपारी यादी वाचली. चार नावं. त्यातलं एक माझ्या दोस्ताचं, ते मला मान्य होतं. एक नाव अशा पोराचं, जो अर्ध्या खडकावर जाऊन आईला हाका मारायचा. मग कारकुनानं माझं नाव घेतलं आणि पुढं म्हणाला, "आचारी." पोरांनी टाळ्या वाजवल्या! मास्तरांनी पाठीवर थाप मारली.

"बघ, तुझंही काम केलं. तुझ्या अर्जावर मीच तसं लिहिलं होतं. पाचवा माणूस चाललाय आपला!"

"मी चढायला आलो होतो, मास्तर."

"अरे, चढणारे छप्पन मिळतात. सगळ्यांना ज्याच्या हातचं चालतं असा एकच."

"मग तुम्ही मला घेतलं ते कशासाठी?"

ते कारकुनाला हाक मारत पलीकडे वळले. तेवढ्यावरून मला कळायचं ते कळलं. दोस्त मला बाजूला घेऊन गेला. "काईकू गुस्सा करता यार? पहाड पे पोंच गए तो कौन पूछता, कौन मेंबर, कौन महाराज?"

"मैं पूछतूं," मी म्हटलं.

कारकुनानं साहेबाच्या सहीचा कागद माझ्या हातात ठेवला. तो घेऊन मी घरी चालत आलो. वडिलांनी चष्मा लावून कागद वाचला. भावानं त्यांच्या खांद्यावरून वाचला आणि फिस्कन हसला. "चांगलं आहे. घरात एक वकील, एक आचारी."

आई म्हणाली, "जाऊ दे ना हो त्याला. जग तरी बघेल."

वडिलांनी कागदाची नीट घडी केली. माझी अशी समजूत होती की ते चिडतील, आपल्या घराण्यात असलं काम कुणी केलं नाही म्हणतील. मी त्याचीच वाट बघत होतो. ते म्हणाले, "जा. इथं तरी काय करतोस?"

साहेबाचं ऐकून घेतलं असतं, मास्तरांचंही. हे नाही ऐकवलं. त्या रात्री मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, तळ्याच्या बांधावरून चालत सिकंदराबादला साहेबाकडे गेलो. बंगला विचारत विचारत सापडला. पुढच्या पायऱ्यांवर बटलर उभा होता. मी कागद दाखवला.

"तू वो नवा पकानेवाला? पीछे से आ. आचारी लोगां पीछे से जाते."

"मैं यहींच ठैरतूं."

त्यानं मला दोनदा हटकलं, एकदा दंडाला धरलं. मी तिथंच उभा. ऊन पायऱ्यांवर आलं तेव्हा साहेब घोड्यावर जायला बाहेर पडला. मी कागद एका हातानं त्याच्यापुढं धरला. "मैं पकानेवाला नहीं, चढनेवाला हूँ. देखना है तो आज देखो, अभी देखो."

त्यानं कागद हातात घेतला; त्याला थोडंफार कळलं असावं. तो बटलरशी काहीतरी बोलला. बटलर म्हणाला, "साब बोलरें, चढनेवालों की जगह भर गई."

"तो साब को बोलो, आचारी की जगह खाली है," मी म्हटलं. कागद साहेबाच्या हातात तसाच सोडला आणि पुढच्या फाटकातून बाहेर पडलो.