गोधडीतला इग्वाना

गंगाधरकाका सांगलीच्या बाजारात अडतीस वर्षं हळदीचे तोलाईदार होते. वजन चुकेल या धास्तीनं एकेक पोतं दोनदा काट्यावर चढवणारा माणूस. पालीला तर ते जन्मभर भ्यायले. आणि आता नात वल्लरी परीक्षेसाठी पुण्याला जाताना आपला लाडका इग्वाना, म्हणजे दीड हात लांबीचा हिरवागार परदेशी सरडाच, त्यांच्या भरवशावर ठेवून गेली होती.

"आजोबा, शेवग्याचा पाला घाला, जास्वंदीची फुलं घाला. आणि त्याच्या काचेच्या पेटीतला उबेचा दिवा चालू राहू द्या," एवढंच ती बजावून गेली.

तीन दिवस काकांनी लांबूनच चिमट्यानं पाला सोडला. चौथ्या संध्याकाळी वीज गेली ती आलीच नाही; पेटीतला दिवाही विझला. जानेवारीचा गारठा. काकांनी जिवाचा धडा करून त्या जनावराभोवती गोधडी लपेटली, तान्ह्या बाळाला गुंडाळतात तशी.

सकाळी त्यांनी गोधडी उलगडली. हिरवा रंग काळपटला होता, डोळे मिटलेले. काठीनं ढोसलं तरी हालचाल नाही. आता पोरीला काय तोंड दाखवायचं?

"मंगल! अगं, मेला गं!"

शेजारची मंगल माण तालुक्यातली, मेंढपाळाच्या घरातली. धावत आली, गोधडी बघितली आणि तिनं कपाळाला हात लावला.

"आवं काका, ह्ये काय कोकरू हाय व्हय? सरड्याच्या अंगात सवताची ऊब नसती, मग गोधडी राखणार काय? आमच्या माळावं थंडीत सरडं असंच लाकडागत पडत्यात. ऊन लागंस्तवर हालत न्हाईत. गच्चीवं न्या."

"तू उचल."

"मी? आमच्याकडचं वीतभर असत्यात. ह्यो तर मगरीचं पोर! तुमचा पावना, तुमीच उचला."

काकांनी श्वास रोखून उचलला. थंडगार, खरखरीत अंग. गच्चीवर उन्हात बसून त्यांनी तो मांडीवर ठेवला. वर घार घिरट्या घालत होती, त्यामुळं खाली ठेवायचीही सोय नव्हती.

बराच वेळ काहीच नाही. मग गळ्याखालची कातडी किंचित हलली. एक डोळा उघडला. काळपटपणा हळूहळू उतरू लागला आणि एकाएकी इग्वाना काकांच्या छातीवर चढू लागला. नखं सदऱ्यातून आत रुतली. काकांना दरदरून घाम फुटला.

"काठी आणू का वो?" मंगल जिन्यातूनच ओरडली.

"नको," काका ओठ न हलवता पुटपुटले. "खाऊ दे ऊन."